ब्रिटनच्या राजकीय पक्षांतला वंशद्वेष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की प्रत्येक पक्ष समोरच्याकडे बोट दाखवतो: द्वेष तिकडे आहे, आमच्याकडे फक्त एखाददुसरा वाह्यात सदस्य. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, मत देणाऱ्या आणि पक्षाची पत्रकं वाटणाऱ्या मराठी माणसाला नोंदलेल्या गोष्टी माहीत असाव्यात आणि स्वतःवर वेळ आली तर कुठे जायचं हे कळावं, यासाठी ही प्रश्नोत्तरं. कंझर्व्हेटिव्ह आणि लेबर या पक्षांसाठी हुजूर पक्ष आणि मजूर पक्ष ही मराठी वर्तमानपत्रांतली नावं वापरली आहेत. भेदभावाला बंदी घालणाऱ्या २०१० च्या समता कायद्याचे तपशील इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरते आहेत. नॉर्दर्न आयर्लंडचे कायदे वेगळे.

सगळ्यांत वंशद्वेषी पक्ष कोणता?

याचं आकड्यांत उत्तर देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक पक्ष तक्रारी वेगळ्या पद्धतीने मोजतो. हुजूर पक्षाच्या चौकशीत २०१५ ते २०२० या काळातल्या १,४१८ तक्रारी निघाल्या, पण त्यामागच्या घटना ७२७ होत्या; एकाच पोस्टवर अनेकांनी तक्रार केली की आकडा वाढतो. शिवाय जिथे तक्रारीची सोय बरी असते तिथे तक्रारी जास्त येतात. जिथे कुणाकडे जायचं हेच सदस्यांना ठाऊक नसतं, तिथे आकडा शून्याजवळ राहतो आणि पक्ष त्यालाच स्वच्छतेचा पुरावा म्हणतो.

पक्ष जोखायचा तर त्याची यंत्रणा बघावी. निकाल नेत्याच्या कार्यालयाबाहेरचं कुणी देतं का? निकालाला किती महिने लागतात? शिक्षा जाहीर होते का? आणि साध्या सदस्याला लागणारा नियम लाडक्या नेत्याला आणि मोठ्या देणगीदाराला लागतो का? या शेवटच्या प्रश्नावर आजवर जवळजवळ सगळे पक्ष नापास झाले आहेत.

मजूर पक्षात नेमकं काय सिद्ध झालं?

समता कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या समता आणि मानवी हक्क आयोगाने मे २०१९ मध्ये चौकशी सुरू केली आणि २९ ऑक्टोबर २०२० रोजी अहवाल प्रसिद्ध केला. आयोगाने ज्यूद्वेषाच्या ७० तक्रारींच्या फायली तपासल्या. पक्षाने समता कायदा मोडल्याचं तीन बाबतींत ठरलं: तक्रारींच्या हाताळणीत राजकीय हस्तक्षेप, तक्रारी हाताळणाऱ्यांना पुरेसं प्रशिक्षण न देणं आणि पक्षाच्या प्रतिनिधींकडून झालेला छळ. हस्तक्षेपाची २३ उदाहरणं मिळाली. छळाच्या बाबतीत लंडनचे माजी महापौर केन लिव्हिंगस्टन आणि एका स्थानिक नगरसेविकेच्या वक्तव्यांसाठी पक्षालाच जबाबदार धरलं गेलं.

तो माणूस आमचा, पण मत त्याचं, हा बचाव इथे टिकला नाही. पक्षाच्या वतीने काम करणाऱ्याच्या कृत्याची जबाबदारी पक्षावर येते, असं समता कायद्याचं कलम १०९ सांगतं. साधा सदस्य मात्र आपोआप पक्षाचा प्रतिनिधी ठरत नाही. पदाधिकारी, नगरसेवक, उमेदवार यांची गोष्ट वेगळी. तक्रार लिहिताना त्या व्यक्तीचं पद त्या दिवशी काय होतं हे लिहिणं म्हणूनच फार महत्त्वाचं असतं.

आयोगाने बेकायदा कृत्याची नोटीस दिली, पक्षाला कृती आराखडा द्यावा लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये देखरेख संपली. दरम्यान २०२१ च्या अधिवेशनात नियम बदलून अशा तक्रारींच्या निर्णयांत स्वतंत्र व्यक्तींना स्थान देण्यात आलं.

म्हणजे जेरेमी कॉर्बिन दोषी ठरले का?

कॉर्बिन २०१५ ते २०२० या काळात मजूर पक्षाचे नेते होते. आयोगाने त्यांना व्यक्तिशः बेकायदा कृत्यासाठी दोषी धरलेलं नाही. त्यांच्या कार्यालयातून तक्रारींत हस्तक्षेप झाला, हे मात्र अहवालात आहे. अहवालाच्या दिवशी त्यांनी प्रश्नाचं स्वरूप विरोधकांनी आणि माध्यमांनी फुगवल्याचं म्हटलं आणि त्यावरून त्यांचं निलंबन झालं. सदस्यत्व काही आठवड्यांत परत मिळालं, संसदीय गटात जागा मिळाली नाही. २०२४ मध्ये ते इस्लिंग्टन नॉर्थमधून अपक्ष म्हणून निवडून आले.

फोर्ड अहवाल काय आहे? त्याची चर्चा कमी का होते?

एप्रिल २०२० मध्ये मजूर पक्षाचा सुमारे ८६० पानांचा अंतर्गत दस्तऐवज फुटला. त्यात पक्षाच्या वरिष्ठ कर्मचाऱ्यांचे खासगी व्हॉट्सॲप संदेश होते आणि काही संदेशांत डायॅन ॲबट यांच्यासारख्या कृष्णवर्णीय खासदारांबद्दल अत्यंत हीन भाषा होती. बॅरिस्टर मार्टिन फोर्ड यांच्याकडे चौकशी दिली गेली. अहवाल जुलै २०२२ मध्ये आला.

त्यातले दोन निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. एक, ज्यूद्वेषाचा प्रश्न पक्षातल्या दोन्ही गटांनी एकमेकांविरुद्ध हत्यार म्हणून वापरला. दोन, ज्यूद्वेषाच्या तक्रारींना जितकं गांभीर्य मिळतं तितकं कृष्णवर्णीयांविरुद्धच्या किंवा मुस्लिमांविरुद्धच्या द्वेषाला मिळत नाही, अशी भावना अनेक सदस्यांत होती. एका समाजाच्या वेदनेकडे अखेर लक्ष गेलं म्हणून दुसऱ्याच्या वेदनेला रांगेत मागे उभं करणं हा न्याय नव्हे. अहवालाची चर्चा कमी झाली, कारण तो कुठल्याच गटाला पूर्णपणे सोयीचा नव्हता.

हुजूर पक्षातल्या मुस्लिमद्वेषाची चौकशी झाली का?

झाली, पण वाट वळणाची होती. जून २०१९ मध्ये नेतेपदाच्या दूरचित्रवाणी चर्चेत साजिद जाविद यांनी इतर उमेदवारांकडून मुस्लिमद्वेषाच्या चौकशीचं आश्वासन कॅमेऱ्यासमोर घेतलं. प्रत्यक्षात चौकशी सर्व प्रकारच्या भेदभावाची झाली आणि ती प्रा. स्वरन सिंग यांच्याकडे गेली. मे २०२१ च्या त्यांच्या अहवालानुसार नोंदलेल्या घटनांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुस्लिमांविरुद्धच्या भेदभावाच्या आरोपांशी संबंधित होत्या, आणि बहुतेक घटना समाजमाध्यमांवरच्या होत्या. स्थानिक शाखांत आणि व्यक्तींच्या पातळीवर मुस्लिमविरोधी भावना ही समस्या असल्याचं अहवालाने मान्य केलं; पक्ष संस्थात्मक पातळीवर वंशद्वेषी असल्याचा पुरावा नाही, असंही म्हटलं. टीकाकारांच्या मते हा दुसरा निष्कर्ष तोकडा होता, कारण मुख्य आधार मुख्यालयात पोचलेल्या तक्रारींचा होता. ज्यांनी तक्रारच केली नाही, ते अशा चौकशीत फारसे दिसत नाहीत.

बोरिस जॉन्सन यांनी ऑगस्ट २०१८ च्या वर्तमानपत्री स्तंभात बुरखा घालणाऱ्या स्त्रियांची तुलना टपालपेटीशी केली होती. पक्षाच्या समितीने त्यांना निर्दोष ठरवलं. त्या निकालानंतर सात महिन्यांनी ते पंतप्रधान झाले. खालच्या कार्यकर्त्याला यातून काय संदेश गेला असेल हे वेगळं सांगायला नको.

आयोगाने मजूर पक्षाची चौकशी केली, हुजूर पक्षाची नाही. हा पक्षपात नाही का?

आयोगाचं अधिकृत कारण असं: हुजूर पक्षाने स्वतः चौकशी नेमली आहे, तेव्हा दुसरी चौकशी प्रमाणाबाहेर ठरेल. मे २०२० मध्ये हे जाहीर झालं. मुस्लिम कौन्सिल ऑफ ब्रिटनने त्याआधी मोठं टिपण दिलं होतं, त्यामुळे नाराजी होणं साहजिक होतं. मजूर पक्षानेही २०१६ मध्ये मानवी हक्कांच्या वकील शमी चक्रवर्ती यांची चौकशी नेमलेली होती, आणि तिने प्रश्न सुटला नव्हता.

पण राजकारणापलीकडे कायद्यातली एक फट आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. समता कायद्यात राजकीय पक्ष संघटना या वर्गात येतो. किमान २५ सदस्य आणि सदस्यत्वाचे नियम हे त्याचे निकष. अशा संघटनेने सदस्याचा वंशावरून छळ करणं बेकायदा आहे. मात्र कलम १०३ प्रमाणे धर्मावरून केलेला छळ या तरतुदीतून वगळलेला आहे. ज्यू आणि शीख यांना न्यायालयांनी वांशिक समूह मानलं आहे, त्यामुळे त्यांना छळाची तरतूद थेट मिळते. मुस्लिम, हिंदू, ख्रिस्ती सदस्याला केवळ धर्माच्या आधारे ती मिळत नाही.

म्हणून हात टेकायचे नाहीत. तेच वर्तन धर्मावरून झालेला थेट भेदभाव आणि त्यातून झालेलं नुकसान म्हणून मांडता येतं. कलम २१२ ती वाट मोकळी ठेवतं. आणि शेरा वर्ण, मूळ देश किंवा वांशिक उगमावर असेल तर वंश हेच कारण लिहावं. अर्जात चुकीचा रकाना भरल्याने चांगली प्रकरणं लंगडी पडतात.

नेते आणि देणगीदार यांना वेगळा नियम असतो का?

कागदावर नाही. व्यवहारात तीन प्रकरणं शेजारी ठेवून बघा.

मार्च २०२४ मध्ये हुजूर पक्षाचे सर्वांत मोठे देणगीदार फ्रँक हेस्टर यांचं २०१९ चं वक्तव्य उघड झालं. डायॅन ॲबट यांना पाहून सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा तिरस्कार वाटू लागतो आणि ॲबट यांना गोळी घातली पाहिजे, अशा आशयाचं ते होतं. पंतप्रधान कार्यालयाने त्याला वंशद्वेषी म्हणायला एक दिवस घेतला आणि आदल्या वर्षी मिळालेले १ कोटी पौंड पक्षाने परत केले नाहीत. त्याच आठवड्यात संसदेत या विषयावर बोलण्यासाठी ॲबट ४६ वेळा उभ्या राहिल्या. त्यांना संधी मिळाली नाही.

त्याच ॲबट तेव्हा मजूर पक्षाच्या संसदीय गटाबाहेर होत्या. एप्रिल २०२३ च्या एका पत्रात त्यांनी ज्यू, आयरिश आणि भटक्या समाजांना पूर्वग्रह सोसावा लागतो पण तो कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येणारा वंशद्वेष नव्हे, अशी मांडणी केली. ती चुकीची आणि दुखावणारी होती, त्यांनी त्याच दिवशी माफी मागितली. तरी त्यांचं निलंबन तेरा महिने चाललं. इतकी दिरंगाई म्हणजे निकालाआधीची शिक्षाच.

तिसरं प्रकरण ली अँडरसन यांचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी लंडनचे महापौर सादिक खान यांच्यावर इस्लामवाद्यांचा ताबा असल्याचं म्हटलं. हुजूर पक्षाने त्यांना संसदीय गटातून काढलं आणि दोन-तीन आठवड्यांत ते रिफॉर्म यूके या स्थलांतराला विरोध करणाऱ्या उजव्या पक्षात गेले. एका पक्षातली कारवाई दुसऱ्या पक्षात प्रवेशपत्र ठरते, तोवर शिस्तीची धार बोथटच राहणार.

ऋषी सुनक पंतप्रधान झाले, केमी बेडनॉक नेत्या झाल्या. मग प्रश्न मिटला नाही का?

सुनक ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधान झाले आणि बेडनॉक नोव्हेंबर २०२४ मध्ये हुजूर पक्षाच्या नेत्या झाल्या, ही खरी प्रगती आहे आणि तिचं श्रेय हुजूर पक्षाला द्यायला हवं. पण वरच्या मजल्यावरची नियुक्ती आणि शाखेतली वागणूक या दोन वेगळ्या गोष्टी. जून २०२४ मध्ये रिफॉर्म यूकेसाठी घरोघरी प्रचार करणारा एक जण पंतप्रधान सुनक यांच्यासाठी जातिवाचक शिवीच्या तोडीचा वांशिक अपशब्द वापरताना छुप्या कॅमेऱ्यात सापडला. देशाच्या पंतप्रधानाला हे ऐकावं लागतं, तिथे शाखेत खजिनदार म्हणून उभ्या राहिलेल्या परिचारिकेचं काय होत असेल?

रिफॉर्म यूकेबद्दल काय नोंदलेलं आहे?

२०२४ च्या निवडणुकीत पक्षाला १४.३ टक्के मतं आणि ५ जागा मिळाल्या. प्रचारात अनेक उमेदवारांची जुनी आक्षेपार्ह वक्तव्यं बाहेर आली, काहींचा पाठिंबा काढला गेला, आणि पक्षाने उमेदवारांची छाननी करणाऱ्या बाहेरच्या कंपनीला दोष दिला. तेव्हा पक्ष कायद्याने कंपनी होता आणि तिचे बहुसंख्य शेअर पक्षाचे नेते नायजेल फराज यांच्याकडे होते. सदस्यांना नेत्याला जाब विचारण्याची यंत्रणाच नव्हती.

मे २०२५ मध्ये हॅमिल्टनच्या स्कॉटिश पोटनिवडणुकीत पक्षाच्या जाहिरातीने मजूर नेते अनस सरवर पाकिस्तानी समाजाला प्राधान्य देतील असा दावा केला. जाहिरातीत दाखवलेल्या भाषणात सरवर तसं म्हणालेच नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये खासदार सेरा पोचिन यांनी जाहिरातींत कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकच दिसतात अशी तक्रार केली आणि नंतर शब्दांबद्दल माफी मागितली. फराज यांनी ते शब्द ओंगळ म्हटले, पण त्यामागे वंशद्वेषी हेतू नसल्याचं सांगितलं.

रिफॉर्मकडे बोट दाखवणाऱ्यांनी स्वतःची भाषाही तपासावी. पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी मे २०२५ मध्ये ब्रिटन अनोळखी लोकांचं बेट बनण्याचा धोका बोलून दाखवला, आणि पुढच्या महिन्यात त्या शब्दांचा खेद व्यक्त केला.

लिबरल डेमोक्रॅट तरी याला अपवाद आहेत का?

नाहीत. १९९३ मध्ये पूर्व लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्सची सत्ता त्यांच्याकडे होती. घरांच्या वाटपावरून बांगलादेशी कुटुंबांबद्दलची चीड गोंजारणारी पत्रकं स्थानिक शाखेने काढली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मिलवॉल प्रभागात उघड वंशवादी ब्रिटिश नॅशनल पार्टीचा उमेदवार ७ मतांनी निवडून आला. पक्षाच्या चौकशीत या पत्रकांवर ठपका आला. यातून शिकण्याचा भाग असा: मवाळ पक्षाने द्वेषाची भाषा उसनी घेतली की मतं मूळ दुकानदाराकडेच जातात.

हे सगळं अलीकडचं आहे की जुनं?

फार जुनं, आणि मुंबईशी जोडलेलं. १८८६ मध्ये दादाभाई नौरोजी लिबरल पक्षातर्फे होबर्नमधून हरले. दोन वर्षांनी हुजूर पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी जाहीर सभेत म्हणाले की ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल असं त्यांना वाटत नाही. त्या वाक्याने दादाभाईंचं नाव घराघरात पोचलं आणि १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या ५ मतांनी जिंकले. पुढच्या निवडणुकीत, १८९५ मध्ये, सॉल्झबरींच्याच पक्षाने मुंबईच्या मंचरजी भावनगरी यांना बेथनल ग्रीनमधून निवडून आणलं. तिसरे मुंबईकर शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये बॅटरसीतून निवडून आले. पक्ष तत्त्वापेक्षा गणित बघून दार उघडतात, हे तेव्हापासून दिसतं.

१९६४ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये हुजूर पक्षाचे पीटर ग्रिफिथ्स यांनी स्थलांतरितांविरुद्धच्या प्रचारावर मजूर पक्षाच्या बड्या नेत्याला हरवलं. १९६८ मध्ये हुजूर खासदार ईनॉक पॉवेल यांच्या बर्मिंगहॅममधल्या स्थलांतरविरोधी भाषणानंतर हुजूर नेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढलं, आणि लंडनचे गोदी कामगार पॉवेल यांच्या समर्थनार्थ मोर्चा घेऊन आले. त्याच वर्षी मजूर सरकारने ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या केनियातल्या आशियाईंची वाट अडवणारा कायदा संसदेतून तीन दिवसांत नेला. १९७२ मध्ये उलट घडलं: हीथ यांच्या हुजूर सरकारने युगांडातून हाकललेल्या आशियाईंना आसरा दिला, तर मजूर पक्षाच्या ताब्यातल्या लेस्टर महापालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात आमच्याकडे येऊ नका अशी जाहिरात दिली. आज लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी बघायला लांबून माणसं येतात.

भारतीय मतदारांना पक्ष एकमेकांविरुद्ध कसे वापरतात?

२०१६ च्या लंडन महापौर निवडणुकीत हुजूर उमेदवार झॅक गोल्डस्मिथ यांच्या प्रचाराने भारतीय आडनावं हेरून पत्रकं पाठवली. मजूर पक्ष घरातल्या दागिन्यांवर कर लावेल अशी भीती त्यांत घातलेली होती. सोबत सादिक खान यांना अतिरेक्यांशी जोडणारा प्रचार होता. खान मोठ्या फरकाने जिंकले. सिंग चौकशीपुढे गोल्डस्मिथ यांनी प्रचाराच्या पद्धतीत विवेक चुकल्याचं मान्य केलं, मुस्लिमद्वेषाचा आरोप नाकारला.

सप्टेंबर २०१९ मध्ये मजूर पक्षाच्या अधिवेशनाने काश्मीरवर ठराव केला. त्यानंतरच्या निवडणुकीत मजूर पक्ष हिंदूविरोधी आहे असे संदेश व्हॉट्सॲप गटांत फिरले आणि पक्षाला खुलासा करावा लागला. जुलै २०२१ च्या बॅटली अँड स्पेन पोटनिवडणुकीत गणित उलटं होतं: मुस्लिम मतदारांसाठीच्या मजूर पत्रकावर बोरिस जॉन्सन आणि नरेंद्र मोदी यांच्या हस्तांदोलनाचं छायाचित्र होतं. मजूर पक्षातल्याच भारतीय गटाने ते मागे घेण्याची मागणी केली. मजूर पक्षाने जागा ३२३ मतांनी राखली.

हुजूर पत्रकात मुस्लिम माणसाची भीती विकली गेली, मजूर पत्रकात भारतीय माणसाची. आपल्या समाजाला गोड बोलणारं पत्रक हाती आलं की शेजारच्या रस्त्यावर कुठलं पत्रक गेलं हे विचारावं. दोन्ही मिळवून शेजारी ठेवली की पक्षाचा खरा चेहरा दिसतो. आणि आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात आलेला दुसऱ्या समाजाबद्दलचा विखारी संदेश पुढे न पाठवणं हेही आपलंच काम आहे.

जातीवरून भेदभाव झाला तर?

२०१० च्या कायद्यात कलम ९(५) प्रमाणे जातीचा समावेश करता येईल असं होतं. २०१३ मध्ये संसदेने करता येईलच्या जागी केलाच पाहिजे असं केलं. सल्लामसलतीला १६,००० हून अधिक उत्तरं आली आणि जुलै २०१८ मध्ये हुजूर सरकारने स्वतंत्र तरतूद न करण्याचं ठरवलं. दलित संघटना कायद्याच्या बाजूने होत्या, अनेक हिंदू संघटना विरोधात. या ओढाताणीत दोन्ही बाजूंच्या खासदारांनी मतदारसंघातल्या मतांकडे बघून भूमिका घेतल्या.

तरी दार बंद नाही. २०१४ मध्ये रोजगार अपील न्यायाधिकरणाने जात वांशिक उगमात मोडू शकते असं ठरवलं. पक्षाच्या अर्जात जातीचा रकाना नसेल, तर वंश हा रकाना निवडून वांशिक उगम व जन्मावरून भेदभाव असं स्पष्ट लिहावं, आणि आडनाव, गाव किंवा आहार विचारून जात काढली गेली असेल तर ते शब्द जसेच्या तसे द्यावेत. आंबेडकरी विचारांच्या मराठी कुटुंबांना याचा अनुभव बहुतेकदा समाजाच्या कार्यक्रमांत येतो, आणि स्थानिक शाखेतली माणसं तीच असतात.

शाखेत माझ्याशी असं वागलं गेलं. पहिल्या आठवड्यात काय करू?

त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि हजर माणसं लिहून काढा. शब्द सौम्य करू नका. अपमानास्पद बोलले एवढ्यावर निकाल लागत नाही, नेमकं काय बोलले ते लागतं. पोस्ट किंवा संदेश असेल तर स्क्रीनशॉटमध्ये नाव, तारीख आणि वेबपत्ता दिसला पाहिजे. पोस्टचा दुवा वेगळा जपून ठेवा. गटातून बाहेर पडण्याआधी संभाषण निर्यात करून घ्या, नंतर ते हाती लागत नाही. साक्षीदाराला त्याच आठवड्यात दोन ओळी ईमेलने लिहायला सांगा.

तक्रार शाखाध्यक्षाकडे न देता पक्षाच्या राष्ट्रीय तक्रार विभागाकडे लेखी द्या. शाखेत सगळे एकमेकांना धरून असतात आणि मिटवून टाका हा सल्ला हमखास मिळतो. तक्रारीत पक्षाच्या आचारसंहितेचं कलम, समता कायद्यातलं कारण आणि तुम्हाला हवा असलेला परिणाम या तीन गोष्टी पहिल्या परिच्छेदात असाव्यात. पोच आणि तक्रार क्रमांक मागा.

पक्षाने उत्तरच दिलं नाही तर?

पक्षाकडे तुमच्याबद्दलची सगळी माहिती मागण्याचा हक्क माहिती संरक्षण कायद्याने आहे. अर्ज फुकट असतो. उत्तर एका महिन्यात द्यावं लागतं, गुंतागुंत असेल तर आणखी दोन महिने. तुमच्या तक्रारीवर आत काय लिहिलं गेलं, हे अनेकदा याच वाटेने कळतं.

दरम्यान न्यायालयाची मुदत विसरू नका. सदस्य म्हणून दावा इंग्लंड-वेल्समध्ये काउंटी कोर्टात आणि स्कॉटलंडमध्ये शेरिफ कोर्टात, घटनेपासून सहा महिन्यांत एक दिवस कमी इतक्या काळात दाखल करावा लागतो. पक्षाची अंतर्गत चौकशी चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. सर्वाधिक नुकसान इथेच होतं: माणूस विश्वासाने वाट बघतो आणि हक्क निघून जातो. तुम्ही पक्षाचे पगारी कर्मचारी असाल तर वाट रोजगार न्यायाधिकरणाची. तिची मुदत आणि आधीची सलोख्याची पायरी वेगळी, ती लगेच तपासा. समता सल्ला आणि साहाय्य सेवेकडून फुकट मार्गदर्शन मिळतं.

द्वेषाचं पत्रक दारात आलं. कुणाकडे जायचं?

जाहिरात मानक संस्थेकडे जाऊन उपयोग नाही, राजकीय जाहिराती तिच्या कक्षेत नाहीत. निवडणूक आयोगही मजकुराचा खरेखोटेपणा तपासत नाही. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशित करवणाऱ्याचं नाव-पत्ता आहे का ते बघा. नसेल तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. नोव्हेंबर २०२३ पासून डिजिटल प्रचारालाही असाच नियम आहे.

मजकूर वांशिक द्वेष भडकवणारा वाटला तर पोलिसांना १०१ वर कळवा, तातडीचा धोका असेल तर ९९९. इंग्लंड-वेल्समध्ये वांशिक द्वेषाच्या गुन्ह्यासाठी धमकीचे, शिवीगाळीचे किंवा अपमानाचे शब्द पुरेसे असतात; धार्मिक द्वेषात फक्त धमकीचे, आणि हेतूही सिद्ध करावा लागतो. खटल्याला ॲटर्नी जनरलची संमती लागते. म्हणून असे खटले कमी होतात.

उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं विधान असेल तर निवडणूक याचिका हा मार्ग आहे. २०१० मध्ये ओल्डहॅम ईस्ट अँड सॅडलवर्थमध्ये मजूर खासदार फिल वूलस १०३ मतांनी जिंकले. प्रतिस्पर्धी लिबरल डेमोक्रॅट उमेदवार मुस्लिम अतिरेक्यांची मतं मिळवू पाहतो, असं त्यांच्या पत्रकांत होतं. गोऱ्या मतदारांना चिडवायचं, अशी चर्चा प्रचारगटाच्या ईमेलमध्ये सापडली. न्यायालयाने निवडणूक रद्द केली. पण याचिका २१ दिवसांत करावी लागते आणि खासदारकीच्या निवडणुकीत ५,००० पौंडांपर्यंत तारण ठेवावं लागतं, वकिलाचा खर्च वेगळा.

दोषी माणूस नगरसेवक किंवा खासदार असेल तर?

नगरसेवकासाठी पक्षासोबतच महापालिकेच्या मॉनिटरिंग ऑफिसरकडे, म्हणजे नगरसेवकांच्या आचरणाच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करा. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने नगरसेवकाला निलंबित करण्याचा पालिकेचा अधिकार काढून घेतला, त्यामुळे ठपका आणि समितीतून काढणं यापुढे फारसं काही होत नाही. खासदाराच्या बाबतीत संसदीय मानक आयुक्त मतं किंवा विचार तपासत नाहीत. पक्षाने गटातून काढलं तरी खासदारकी शाबूत राहते.

कृष्णवर्णीय आणि आशियाई उमेदवारांसाठी राखीव यादी करता येते का?

नाही. कलम १०४ केवळ स्त्रियांच्या राखीव यादीला परवानगी देतं, तीही २०३० पर्यंत. पक्षांनी उमेदवारांची सामाजिक आकडेवारी जाहीर करावी असं कलम १०६ त्याच कायद्यात मंजूर झालं, पण नंतरच्या सरकारांनी वर्षानुवर्षं ते अमलात आणलं नाही. निवडप्रक्रियेत अन्याय बहुधा चार ठिकाणी होतो: सदस्ययादी काहींनाच आधी मिळते, सदस्यत्वाची कटतारीख अचानक आधीच्या तारखेवर नेली जाते, आशियाई सदस्यांच्या भरतीची तेवढी चौकशी होते, आणि इथल्या लोकांशी जुळेल का, असा प्रश्न एकाच उमेदवाराला विचारला जातो. सगळ्या उमेदवारांना विचारलेले प्रश्न लिहून ठेवा, भेदभाव तुलनेतून सिद्ध होतो.

माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. मला यात बोलण्याचा हक्क आहे का?

आहे. ब्रिटनमध्ये वैध परवान्यावर राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुल नागरिक म्हणून संसदेसह सगळ्या निवडणुकांत मत देऊ शकतो, विद्यार्थी व्हिसावर असला तरी. मतदार नोंदणी मात्र स्वतः करावी लागते. जिथे ओळखपत्र लागतं तिथे भारतीय पासपोर्ट चालतो. संसदेसाठी उमेदवार म्हणून उभं राहायला कायमच्या वास्तव्याचा परवाना हवा. समता कायद्याचं संरक्षण नागरिकत्वावर अवलंबून नाही. उलट राष्ट्रीयत्वावरून केलेला भेदभाव हा वंशाच्या व्याख्येतच येतो. तक्रार केल्याने व्हिसावर परिणाम होईल अशी भीती कुणी घातली, तर तेही तारखेसह लिहून तक्रारीला जोडा: तक्रारदाराला त्रास देणं हे कायद्यात स्वतंत्र बेकायदा कृत्य आहे.